फोन मी करणार नाही

तुझा मेसेज वाचला. एवढा लांबलचक मेसेज तू लिहू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं. मैदानावर 'हो सर', 'नाही सर' याच्यापुढे तुझी गाडी जात नाही. त्यातलं निम्मं रडगाणं आहे, ते सोडून देतो. उरलेल्याचं उत्तर देतो, कारण 'निवड चाचणीत राखीवमध्ये टाकलं, मग खेळायचं कशाला' हा प्रश्न तू खरा विचारलायस. आणि शेवटी ते जे जोडलंयस, 'सर, तुम्ही स्टेटसला फोटो ठेवलाय ते पगडीवाले आजोबा कोण?', त्याचंही देतो. हॉकीतली सेंटर फॉरवर्ड म्हणवून घेतेस आणि हा माणूस कोण हे विचारतेस! राग आला. मग वाटलं, चूक तुझी नाही. तुला कुणी सांगितलंच नसेल. सांगायला हवं होतं ते मीच.

ते बलबीर सिंग. बलबीर नावाचे खेळाडू पुढे बरेच झाले म्हणून यांना 'सीनियर' म्हणतात. यंदा, २०२०च्या २५ मेला सकाळी मोहालीत गेले. कोरोनाचा लॉकडाऊन नसता तर चंदीगडमध्ये रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा राहिली नसती. १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न, अशी ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात आपण हॉलंडला ६-१ हरवलं, त्यातले पाच गोल एकट्याचे. पुरुषांच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये इतके गोल आजवर दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत. त्याच्या आधी उपांत्य सामन्यात ब्रिटनवर तीन गोल झाले, ते तिन्ही यांचेच. आणि १९७५चा वर्ल्ड कप, आपण जिंकलेला आजवरचा एकमेव, त्या संघाची तयारी करून घेणारे आणि मॅनेजर म्हणून क्वालालंपूरला घेऊन जाणारेही हेच.

आता तू म्हणशील, सर इतिहास सांगत बसले. तसं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच माणसात आहे.

बलबीर सिंग ड्रिब्लिंगसाठी प्रसिद्ध नव्हते. चार जणांना चकवत, लोकांच्या टाळ्या घेत जाणारा हा खेळाडू नव्हता. त्यांचं नाव होतं ते डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात. चेंडू आला की लगेच फटका. थांबवायचा, बघायचं, पाय जुळवायचे, असला कारभार नाही. लोकांना वाटायचं मनगटाची जादू आहे. मनगट होतंच. पण मनगटाला वेळ कुठून मिळत होता? पाय आधी पोचलेले असायचे म्हणून. आधी जागा, मग चेंडू. हे वाक्य मी तुम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की तुम्ही पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणता, मला माहीत आहे. खुशाल करा नक्कल. पण तुझ्या खेळात ते अजून उतरलेलं नाही. चेंडू स्टिकला लागला की तुला जाग येते. त्यानंतर तू सुंदर खेळतेस, कुणी नाही म्हणत नाही. पण त्याच्या आधीचे दोन सेकंद तू प्रेक्षक असतेस.

निवड चाचणीत मी जाळीपलीकडे उभा होतो. तुला फुलबॅकला, म्हणजे मागे बचावाला टाकलं, तुझं तोंड पडलं. उजवीकडून क्रॉस आला तेव्हा तू कुठे होतीस आठवतंय? पंचवीस यार्डाच्या रेषेवर, कंबरेवर हात ठेवून. तुझ्या मनात चाललं होतं, 'मी फॉरवर्ड आहे, मला इथे का उभं केलंय?' तोवर समोरची पोरगी तुझ्या पाठीमागून आत शिरली. यादीत तुझं नाव राखीवमध्ये गेलं ते तिथे गेलं. निवड समितीवर तुझा राग आहे. त्यांनी तुला एकाच जागी, एकच तास बघितलं आणि निकाल लावला, हे मलाही पटलेलं नाही. पण त्या क्रॉसला तू जागेवर नव्हतीस, हे त्यांनी केलेलं नाही.

आणि फुलबॅकचा एवढा अपमान कशाला? बलबीर सिंग लहानपणी गोलकीपर होते. मग बॅक झाले. मग फॉरवर्ड. गोलमध्ये उभं राहिलेल्याला कळतं, कुठून येणारा चेंडू दिसत नाही. बॅकला उभं राहिलेल्याला कळतं, कुठल्या फॉरवर्डची भीती वाटते. हे सगळं घेऊन तो माणूस डीमध्ये आला. तुला तीच शाळा फुकटात मिळत होती, तर तू वर्गाबाहेर उभी राहिलीस.

आता लंडनची गोष्ट, कारण तू लिहिलंयस, 'चांगलं खेळूनही बाहेर बसवतात, मग खेळायचं कशाला'.

१९४८. देश स्वतंत्र होऊन वर्षच झालेलं. फाळणीत पंजाबचे दोन तुकडे झालेले, कालपर्यंत एका संघात खेळलेले मित्र तिकडे गेलेले. वडील स्वातंत्र्यसैनिक, आणि मुलगा पंजाब पोलिसांत. तीही एक कथाच आहे. पोलिसांत जायचं नव्हतं म्हणून हे दिल्लीला निघून गेले, तर ब्रिटिश पोलीसप्रमुखानं माणसं पाठवून हातकड्या घालून जालंधरला आणवलं, आमच्याकडून हॉकी खेळ म्हणून! तुला घरून 'खेळू नको' म्हणतात, त्यांना बेड्या घालून खेळवलं. असो.

ऑलिम्पिकच्या शिबिराला सुरुवातीला त्यांना बोलावलंच नव्हतं. नंतर घेतलं. लंडनला पहिली संधी मिळाली ती अर्जेंटिनाविरुद्ध. ९-१ असा निकाल, सहा गोल यांचे. आणि सहा गोल करणाऱ्याला पुढे काय मिळालं? बाहेर बसणं. पुन्हा आत घेतलं ते थेट अंतिम सामन्यात. समोर ग्रेट ब्रिटन, मैदान वेम्बलीचं, पावसानं गिचगिचीत झालेलं. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्याच घरात आपण ४-० जिंकलो. पहिले दोन गोल बलबीर सिंग यांचे.

बाहेर बसवलेल्या त्या दिवसांत त्या पोरानं काय केलं असेल याचा विचार कर. चोवीस वर्षांचं वय, परका देश. रुसून बसला असता, अंग सैल सोडलं असतं, तर वेम्बलीच्या त्या चिखलात पहिल्याच अर्ध्यात दोन गोल निघाले असते का? बोलावणं आलं तेव्हा तो आधीच तिथे पोचलेला होता. आधी जागा, मग चेंडू. चेंडू कधी येईल हे आपण ठरवत नाही.

थांब, तू हुशार आहेस, गूगल करशील आणि मला पकडशील. म्हणून मीच सांगतो. १९४८च्या शिबिरात त्यांना घेतलं ते डिकी कार यांनी आग्रह धरला म्हणून. कार १९३२च्या सुवर्णविजेत्या संघातले. आणि लंडनमध्ये त्यांना बाहेर बसवलं तेव्हा तिथे शिकणारी आपली मुलं चिडून उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्याकडे गेली होती, या पोराला खेळवा म्हणून. म्हणजे बलबीर सिंग यांच्यासाठीही कुणीतरी शब्द टाकलाच होता. मग सर, तुम्ही माझ्यासाठी एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

तुझा खरा प्रश्न हाच आहे. तुझ्या वडिलांचाही. त्यांनी मला सोसायटीच्या गेटवर मास्क खाली ओढून विचारलं होतं, 'तुमची ओळख आहे ना तिथे?' आहे. निवड समितीतल्या एकाबरोबर मी फॅक्टरीच्या संघातून खेळलोय, एका ताटात जेवलोय. फोन केला असता तर त्यानं उचलला असता, आणि कदाचित ऐकलंही असतं.

फरक सांगतो. डिकी कार बोलले ते खेळ बघून, आणि उघड बोलले. ती मुलं मेननकडे गेली ती सहा गोल डोळ्यांनी बघून गेली. त्यांच्यातलं कुणी बलबीरचे मामा-काका नव्हतं. मी बोललो असतो तो तुझा सर म्हणून, मागच्या दारानं, आणि त्या चाचणीत तू काय खेळलीस हे माहीत असून. तुझ्या जागी आलेली ती पोरगी कुणाची आहे? तिचे सर कोण आहेत? तिच्यासाठी फोन करणारं कुणी आहे का? मला माहीत नाही. म्हणूनच करत नाही. माझ्या हाताखालच्या कुणासाठीही केलेला नाही. त्यापायी खडकीतले दोन-चार पालक आजही मला बघून रस्ता बदलतात. एक चांगला पोरगा माझं मैदान सोडून दुसरीकडे गेला, तिथून राज्याकडून खेळलाही. त्याचे वडील भेटले की म्हणतात, 'बघा सर, तुमच्याकडे राहिला असता तर?' माझ्याकडे राहिला असता तर उशिरा खेळला असता. कदाचित खेळलाच नसता. हेही मला माहीत आहे, आणि कधी कधी रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच पोरगा आठवतो. पण सकाळी उठून मी पुन्हा तेच करतो. हट्टी म्हण. तुझी आई म्हणतेच.

माझ्यासाठीही कुणी फोन केला नव्हता, हे मनात कुठेतरी असेल. असू दे. आम्ही मुरमाच्या मैदानावर शिकलो, चेंडू उसळून कपाळावर यायचा, गुडघे तिथेच संपले. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, बघितलं तेव्हा माझं वय निघून गेलं होतं. तुला नेहरूनगरचं टर्फ मिळालं आणि तू तिथे कंबरेवर हात ठेवून उभी राहतेस. मग मला राग येणार नाही तर काय होईल?

मेलबर्नचं ऐक, मग तुझ्या राखीवच्या दुःखाकडे वळतो. १९५६ला बलबीर सिंग कर्णधार होते. पहिलाच सामना अफगाणिस्तानशी, १४-०, पाच गोल यांचे. त्याच सामन्यात उजव्या हाताचं बोट मोडलं. तुला उजव्या हाताचं काम काय ते सांगायला नको. पुढचे दोन साखळी सामने बाहेर बसले. पण बोट मोडलंय ही बातमी बाहेर फुटू दिली नाही. का? बलबीर मैदानावर उभा आहे एवढ्यावरच समोरचे दोन बॅक त्याच्याकडे खेचले जातात, आणि आपल्या बाकीच्यांना जागा मोकळी होते म्हणून. उपांत्य आणि अंतिम सामना ते बोटाला प्लास्टर असताना, वेदनाशामक इंजेक्शन घेऊन खेळले. अंतिम सामना पाकिस्तानशी. १-० जिंकलो. गोल केला रणधीर सिंग जेंटल यांनी, पेनल्टी कॉर्नरवर. अख्ख्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही.

त्या अंतिम सामन्याच्या निकालपत्रात बलबीर सिंग यांच्या नावापुढे गोल नाही. गोल न करता त्यांनी काय केलं हे तुला कळलं, तर फुलबॅकला उभं केल्याचं तुझं दुःख संपेल. नाही कळलं, तर मी कितीही पत्रं लिहून उपयोग नाही.

आता १९७५. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, रेडिओतलं सांगतो. शाळकरी होतो. खडकीत आमच्या चाळीत रेडिओ होता एका घरात आणि माणसं सगळ्या घरांतली. समालोचक जसदेव सिंग यांचा आवाज. क्वालालंपूर, उपांत्य सामना, समोर यजमान मलेशिया. आपण १-२ पिछाडीवर, शेवटची काही मिनिटं उरलेली. पेनल्टी कॉर्नर मिळत होते आणि वाया जात होते. आमच्यातल्या मोठ्यांनी तंबाखू मळायला सुरुवात केली होती, म्हणजे सामना गेला असं धरलं होतं.

तेव्हा बलबीर सिंग यांनी बाहेर बसलेल्या अस्लम शेर खानला आत पाठवलं. भोपाळचा पोरगा, फुलबॅक. हो, फुलबॅक. वडील अहमद शेर खान १९३६ला बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघात होते. त्या काळी आजच्यासारखं हवं तेव्हा आत-बाहेर करता येत नव्हतं, बदली म्हणजे पणाला लावलेला डाव. पुढचा पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लमनं गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि फटका मारला. गोल. २-२. जादा वेळेत हरचरण सिंगनं तिसरा केला. मग अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ हरवलं, सुरजित सिंग आणि अशोककुमार यांचे गोल. ते तुला माहीत असावं. नसेल तर माहीत करून घे.

लोक ताविजाची गोष्ट सांगतात. मला त्याच्या आधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. तो पोरगा बाकावर बसून काय बघत होता? मलेशियाचा गोलकीपर कुठल्या बाजूला आधी झुकतो, कॉर्नरला धावत येणारा पहिला खेळाडू कुठल्या कोनातून येतो, चिखलात चेंडू किती धरतो. नुसतं नशिबावर भरवसा ठेवून बसलेल्या माणसाला पहिल्याच फटक्याला तो गोल सापडत नाही. आणि त्याला पाठवणाऱ्याला ते कळलं, कारण तो स्वतः सहा गोल करून बाहेर बसलेला होता. बाकावर बसलेल्याकडे बघायची नजर त्याला लंडननं दिली होती. तूही राखीवच आहेस. राखीव म्हणजे नाव कापलेली नव्हे.

त्या संघाचं शिबिर चंदीगडला पंजाब विद्यापीठात झालं. शिबिर चालू असतानाच बलबीर सिंग यांचे वडील वारले. अंत्यसंस्कार उरकून ते परत मैदानावर आले. हे मी तुला कौतुक म्हणून सांगत नाही. अशा वेळी कामाला जावं का, यावर माझं आणि माझ्या बायकोचं अजून एकमत नाही. पण त्यांनी केलं ते असं.

आणि एवढं करून काय मिळालं, हे तुझे वडील विचारतील. विचारू देत. १९५७ला पद्मश्री, खेळाडूला मिळालेली पहिली. १९८५ला त्यांनी आपली पदकं, फोटो, मेलबर्नचा कर्णधाराचा ब्लेझर, सगळं संग्रहालयासाठी म्हणून भारतीय क्रीडा प्राधिकरणाला देऊन टाकलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी जगातल्या सोळा मोठ्या ऑलिम्पिकपटूंमध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा प्रदर्शनासाठी त्या वस्तू हव्या होत्या. शोधल्या तर सापडल्या नाहीत. पुढची आठ वर्षं घरचे विचारत राहिले. माणूस गेला, ब्लेझर आला नाही. हे लिहिताना माझा हात थरथरतो, त्यामुळे इथेच थांबतो. तुझ्या वडिलांना हे लपवून सांगू नकोस. हॉकीत पैसा नाही, आणि जपणूकही नाही. बारावीनंतर कॉलेज कर, डिप्लोमा कर, जे ते म्हणतील ते कर. मी त्याच्या आड येणार नाही. सकाळी सहा ते आठ कुठलंही कॉलेज भरत नाही.

मैदानं बंद आहेत. कधी उघडतील हे पोलिसांनाही माहीत नाही. तोवर तुला गच्ची आहे. पाण्याच्या टाकीची भिंत आहे. टर्फचा चेंडू तिथे नेऊ नकोस, खालचे काका तक्रार करतील. टेनिसचा जुना चेंडू घे. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर खडूनं तीन चौकोन आखायचे, एक मध्ये, दोन बाजूंना. तू भिंतीकडे पाठ करून मधल्या चौकोनात उभी राहायचंस. धाकटा भाऊ तुझ्या समोरून चेंडू भिंतीवर मारेल. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला की वळायचं आणि चेंडू ज्या चौकोनाकडे येतोय तिथे त्याच्या आधी पाय पडला पाहिजे. मग एकच स्पर्श. दुसरा स्पर्श झाला तर तो चेंडू मोजायचा नाही. पहिले काही दिवस सगळे हुकतील, चिडशील, भावाशी भांडशील. चालेल.

स्टिक जुनी घे, नवी घासून जाईल. गुडघे वाकलेले ठेव, कंबरेवर हात दिसला तर भावाला मला व्हिडिओ पाठवायला सांगितलंय. आणि त्याला बजावून ठेव, चेंडू कुठे मारणार ते तुला अजिबात सांगायचं नाही.

तुझे सर